पत्रकाची मागची बाजू

एकतीस वर्षं मी या गावात टपाल टाकलं.
कुठली फट बोटं चावते, कुठलं दार दमट दिवसांत फुगतं,
कुणाच्या उंबऱ्यामागे कुत्रं दबा धरून बसतं,
सगळं हाताला पाठ.
म्हणून गस्तीच्या पोलीस बाईंनी, मिस पास्कनी,
पत्रकांचा गठ्ठा माझ्याच हाती दिला:
"तुम्हीच टाका, थेल्मा. तुमच्या हातचं लोक वाचतात."
लोक वाचत नाहीत. पण असो.

पुढच्या बाजूला नेहमीचंच.
बागेतल्या खोपटाला कुलूप लावा.
किल्ली कुंडीखाली ठेवू नका
(अख्खं गाव ठेवतं. मीही).
सायकलवर, शिडीवर, गवत कापायच्या यंत्रावर
न दिसणाऱ्या शाईनं पोस्टकोड लिहा,
म्हणजे चोरीचा माल सापडला
तर कुठला ते कळेल, घरी परत येईल.
सोबत एकेक पेन, फुकट.
पेनांवर गावाची उडी पडली.

मागची बाजू कुणी उलटली नाही.
तिथे बारीक अक्षरात:
भरदिवसा पडदे ओढलेलं घर.
दोन मिनिटं थांबून निघून जाणारी गाडी.
एकट्या माणसाकडे अचानक मुक्कामाला आलेले पाहुणे.
पायात महागडे बूट, खिशात दोन फोन असलेलं शाळकरी पोर.
"ते सगळं लंडनला हो," दुकानात मिसेस गॅथरकोल म्हणाल्या.
"आपल्याकडे फार तर भोपळे चोरीला जातात."

कालव्याच्या टोकाला मॉरिस थर्कटलचं घर.
बायको गेल्यापासून हा माणूस
दार वाजायच्या आधीच उघडायचा,
पत्र नसलं तरी. मग हवामान, मग माझे गुडघे.
त्या मंगळवारी पडदे बंद.
कुत्री बाहेर बांधलेली, तिचं पाण्याचं भांडं कोरडं.
दार उघडलं पंधराएक वर्षांच्या पोरानं.
"झोपलाय तो."
दुपारचे दोन वाजले होते.
मी खाली पाहिलं. बूट पांढरेशुभ्र,
आमच्या चिखलात एक पाऊलही न टाकलेले.

कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते,
हे शाळेत शिकवलं होतं आम्हाला.
पिल्लू फुगतं, घरच्यांना बाहेर ढकलतं.
पण पिल्लाला तिथे ठेवून
ती कुठे उडून गेली,
ते बाई कधी सांगत नसत.

मी काय करणार?
सवयीनं पत्रक पुढे केलं.
त्यानं घेतलं, पाहिलं, उलटलं.
ओठ हलवत वाचत गेला.
बुटांच्या ओळीपाशी थांबला,
आणि एक पाय हळूच दुसऱ्यामागे नेला.
"बिस्किट आहे का तुमच्याकडे?"
आत कुणीतरी खोकलं.
मॉरिसचा खोकला मी ओळखते. तो नव्हता.

वळणापलीकडे जाऊन फोन लावला.
दोनदा चुकीचा लागला, बोटं ऐकेनात.
पुढचं गावाला ठाऊक आहे:
दोन गाड्या, ब्लँकेटात गुंडाळलेला मॉरिस,
बारा दिवस स्वतःच्याच घरात जिन्याखाली.
खोकणारा बिटाच्या शेतातून पसार.
हाती लागलं ते पोर.
चोर सोडून संन्याशाला म्हणावं, तर
संन्यासी नव्हता तोही.
मोज्यात सतरा पुड्या.

दुसऱ्या दिवशी मिस पास्क यादी करत होत्या,
या महिन्यात गावातून काय काय गेलं त्याची:
सायकली दोन, शिडी, चर्चच्या छपराचं शिसं.
मी म्हटलं, त्या पोरालाही लिहा.
"तो सापडलाय, थेल्मा. गेला कुठे?"
म्हटलं, कुणाचा तरी गेलाच असेल.

गाडीत बसवताना घर विचारलं होतं त्याला.
नुसता तळहाताकडे बघत राहिला.
कुठल्या आईनं तिथे काही लिहून ठेवलं असेल
तर ते वाचायला कुठला दिवा लागतो,
हे दोन्ही बाजूंना छापलेलं नाही.

मॉरिस आता साखळी लावून दार उघडतो, फटीएवढं.
कुंडी रिकामी, किल्ली माझ्याकडे.
दाराशी खुर्चीवर बिस्किटांचा डबा असतो.
कशाला, विचारलं
तर हवामान सांगतो.